जुन्या मोटारीचा हिशेब व निगा

शेतकऱ्याच्या वाड्यापुढें बैलजोडीच्या शेजारीं एखादी मोटार उभी असणें ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. मात्र ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातची असते, आणि तिच्या वयाची चौकशी केली असतां मालक जरा चांचरतो. नवी मोटार कोणती घ्यावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. जुनी, वरचेवर रुसणारी, आणि ऐपत नसल्यामुळें बदलतां न येणारी मोटार कशी चालवावी हें सांगणारा विरळा. आम्ही कांहीं मोटारीचे कारागीर नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेले गृहस्थ आम्ही. आमचा जन्म खतावण्या आणि फेरफार यांत गेला. परंतु २०११ सालापासून एकच जुनी मोटार आम्ही चालवीत आहों, आणि तिच्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया व तिनें घेतलेली प्रत्येक खोडी आम्ही एका वहींत लिहून ठेविली आहे. त्या वहीच्या आधारावर हा लेख लिहिला आहे.

मोटार १९९४ सालची मारुति ८०० आहे. तीन सिलिंडरें, ७९६ घनसेंटीमीटर, कार्बोरेटरची. ही जात १९८३ च्या डिसेंबरांत रस्त्यावर आली व २०१४ च्या जानेवारींत तिची निपज बंद झाली. पण एवढ्या वर्षांत ती इतकी खपली कीं तिचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारांत अजूनहि मिळतात. जुनी मोटार घेणाराने रंगाच्या आधीं हा विचार करावा. दिसावयास झोंकदार परंतु ज्याची साधी रबरी नळीहि पुण्या-मुंबईहून मागवावी लागते, असें वाहन खेड्यांत ठेवणें म्हणजे परदेशी वाणाची गाय बांधून तिच्यासाठीं वैद्य दूर गांवांहून आणण्यासारखें आहे.

आम्हांस ही मोटार चैनीसाठीं नको आहे. २०२२ सालीं आमच्या कुटुंबाचीं मूत्रपिंडें निकामी झालीं, व तेव्हांपासून आठवड्यांतून दोन वेळां, मंगळवारीं व शुक्रवारीं, डायालिसिससाठीं साताऱ्यास जावें लागतें. आमचें गांव खटाव तालुक्यांत, पुसेगांवच्या पलीकडे सात किलोमीटरांवर. सातारा तेथून एकंदर चव्वेचाळीस किलोमीटर. यंत्रावरची पाळी सकाळीं सातची. पहांटे पांचला निघालें पाहिजे, आणि त्या वेळीं आमच्या गांवांतून दुसरें वाहन नाहीं. पाळी हुकली तर पुढची केव्हां मिळेल याची शाश्वती नसते. शरीरांत पाणी व क्षार सांचत जातात, श्वास लागतो, आणि पोटॅशियम वाढलें म्हणजे थेट हृदयावर घाला येतो. तेव्हां मोटार चालू होते कीं नाहीं हा प्रश्न आमच्या घरीं केवळ सोयीचा राहिलेला नाहीं.

मग नवी मोटार कां घेत नाहीं, असें पुष्कळजण विचारतात. आमचे मेहुणे तर दर दिवाळीस विचारतात. त्यांना आम्ही वही दाखवितों. वर्षांत एकशें चार खेपा, प्रत्येक खेप जाऊन येऊन अठ्ठ्याऐंशी किलोमीटर, म्हणजे ९,१५२ किलोमीटर. आमची मोटार लिटरास सोळा किलोमीटर जाते. तेव्हां ५७२ लिटर, आणि लिटरास १०५ रुपये धरल्यास पेट्रोलास ६०,०६० रुपये. गेल्या वर्षीं दुरुस्तीस २३,४०० लागले. तिऱ्हाइताच्या नुकसानीचा सक्तीचा विमा २,०९४. नोंदणीचें नूतनीकरण पांच वर्षांचें पांच हजार, म्हणजे वर्षास एक हजार. एकूण ८६,५५४. तीच खेप भाड्याच्या गाडीनें केली तर १,९०० रुपये पडतात. वर्षाचे १,९७,६०० झाले. नव्या मोटारीस पदरचे लाख-सव्वा लाख घालून चार लाखांचें कर्ज सात वर्षांच्या मुदतीनें घेतलें, तर महिन्यास साडेसहा हजारांचा हप्ता बसतो. हप्त्याचे अठ्ठ्याहत्तर हजार, बावीस किलोमीटरच्या हिशेबानें पेट्रोलाचे सुमारें त्रेचाळीस हजार सातशें, आणि वर विमा. निवृत्तिवेतनांतून औषधांचा खर्च वजा जातां एवढी रक्कम उरत नाहीं, आणि उरली तरी सात वर्षांचा करार करण्यास आमचें मन धजत नाहीं. वाचक कारण समजतील.

येथें एका प्रचलित गैरसमजाविषयीं लिहिलें पाहिजे. 'मोटारीची किंमत पस्तीस हजार, आणि एका दुरुस्तीस अठरा हजार घालतां? हा कोणता शहाणपणा?' असें लोक म्हणतात. हा हिशेबच चुकीचा आहे. मोटार आज विकली तर काय येईल याच्याशीं दुरुस्तीची तुलना करावयाची नसते. ही दुरुस्ती न केल्यास येत्या वर्षांत दुसऱ्या मार्गानें काय खर्च येईल, याच्याशीं करावयाची असते. गेल्या वर्षीं मार्च महिन्यांत क्लच प्लेट, रेडिएटर व इतर कामें मिळून अठरा हजार गेले. भाड्याच्या गाडीच्या हिशेबानें तेवढ्यांत दहाहि खेपा झाल्या नसत्या. विहिरीची मोट दुरुस्त करतांना कोणी मोटेची मोडीची किंमत पाहत नसे. पिकाची किंमत पाहत असे.

असो. परंतु वहींत एक रकाना नाहीं, तो भरवशाचा. तो पैशानें भरत नाहीं, निगेनें थोडाबहुत भरतो.

पहिला धडा आम्ही २०१२ सालीं शिकलों, आणि तो आमच्याच मूर्खपणानें. साताऱ्याहून परततांना कोरेगांव सोडल्यावर वर्धनगडचा घाट लागतो. त्या चढावर एंजिन तापलें, रेडिएटरांतून वाफ निघूं लागली. आम्ही घाईनें शेजारच्या वस्तीवरून कळशीभर गार पाणी आणलें आणि तापल्या एंजिनांत ओतलें. एंजिनाचें हेड ॲल्युमिनियमचें असतें. तप्त असतांना एकाएकीं गार पाणी लागलें म्हणजे तें वांकडें होतें. खालचें गॅसकेट फुटतें, पाणी तेलांत मिसळतें, आणि तेल मोजण्याची पट्टी बाहेर काढली असतां तेल ताकासारखें पांढुरकें दिसतें. आमचें तसेंच दिसलें. अकरा हजार रुपये गेले.

त्यानंतर अकरा वर्षांनीं, २०२३ च्या मे महिन्यांत, त्याच घाटांत तोच प्रसंग पुन्हां आला, आणि या वेळीं कुटुंब मागच्या बाकावर निजलेलें होतें. डायालिसिस झाल्यावर माणूस पिळून काढल्यासारखें होतें. त्यांत दुपारचें ऊन. कांटा लाल रेघेकडे जातांच आम्ही मोटार कडेला लिंबाच्या सांवलींत घेतली, एंजिन बंद केलें, बॉनेट उघडलें, आणि चाळीस मिनिटें कशासहि हात लावला नाहीं. रेडिएटरचें झांकण दाब धरून ठेवतें. त्या दाबाखालीं पाणी शंभर अंशांवर न उकळतां सुमारें एकशेंवीस अंशांपर्यंत द्रव राहतें, आणि झांकण उघडतांच दाब जाऊन तें एका क्षणांत वाफ होऊन तोंडावर येतें. पुष्कळ ड्रायव्हर असे भाजले आहेत. झांकणास हात लावून चटका बसेनासा झाला, मग फडकें घालून आम्ही तें हळूहळू सोडलें. मोटारीसाठीं पांच लिटरांचें पाण्याचें भांडें आम्ही नेहमीं बरोबर ठेवतों. आमच्या कुटुंबास मात्र दिवसाला मोजून पाऊण लिटर पाण्याची परवानगी. त्यांतलें सकाळींच बहुतेक संपलें होतें. मोटारीस आम्ही भरभरून पाणी पाजलें तें ती उघड्या दारांतून पाहत होती. बोलली कांहीं नाहीं.

दोष पंख्याचा निघाला. या मोटारीचा पंखा विजेवर फिरतो, आणि पाणी ठराविक तापलें म्हणजे एक छोटा स्विच त्यास चालू करतो. तो स्विच मेला होता. याची परीक्षा सोपी आहे: स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींस जोडाव्या. पंखा फिरला तर पंखा चांगला व स्विच वाईट. न फिरला तर फ्यूज किंवा पंखा पाहावा. त्या दिवशीं आम्ही तारा तशाच जोडून घरीं आलों. पुढें आमच्या मिस्त्रींनीं पुढच्या फळीवर हातानें चालू करावयाचें एक बटण बसवून दिलें. तीनशें रुपयांत झालेली ही सोय आम्हीं केलेल्या सर्व खर्चांत उत्तम होय. कोरेगांव सुटलें कीं आम्ही तें बटण दाबतों. कांहीं कारागीर एंजिन तापूं नये म्हणून थर्मोस्टॅट काढून फेंकून देतात, तें मात्र करूं देऊं नये. त्यावांचून एंजिन आवश्यक तेवढें ऊनच होत नाहीं, पेट्रोल जास्त खातें आणि लवकर झिजतें.

मोटार वाटेंत बंद पडली असतां बहुतेक लोक प्रथम ढकलूं लागतात. त्याआधीं एक गोष्ट ठरवावी: ठिणगी नाहीं, कीं पेट्रोल नाहीं? एंजिन फिरतें आहे पण पेटत नाहीं, तर कारण बहुधा या दोहोंपैकीं एक असतें. एक प्लग खोलावा, त्याच्या तारेस लावून त्याचें धातूचें अंग एंजिनाच्या उघड्या लोखंडास टेकवावें, आणि दुसऱ्यास सेल्फ मारावयास सांगावें. तार उघड्या हातीं धरूं नये, आणि जवळ पेट्रोल सांडलेलें नसावें. निळी, कडक ठिणगी दिसली तर विजेची बाजू निर्दोष समजावी. पिवळी, मरतुकडी दिसली किंवा दिसलीच नाहीं, तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडून पॉइंट पाहावे. ते जळून काळे झाले असतील तर बारीक कानशीनें किंवा पॉलिश कागदानें घासून अर्ध्या मिलिमीटरच्या आंत फट ठेवावी. शंभरांत साठ वेळां आमची मोटार एवढ्यानेंच चालू झाली आहे, असें वही सांगते.

एक दुखणें मोठें लबाड आहे. गार असतांना मोटार उत्तम चालते, वीस-पंचवीस किलोमीटरांवर बंद पडते, आणि अर्ध्या तासानें कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत चालू होते. कारागिराकडे नेईपर्यंत ती गार झालेली असते. तो म्हणतो, दोष नाहीं. अशा वेळीं कॉइल, कंडेन्सर व पेट्रोलचा पंप या तिघांवर संशय घ्यावा. पहिल्या दोहोंचा दोष गरम झाल्यावरच प्रकट होतो. म्हणून ठिणगीची परीक्षा बंद पडल्या जागीं, तापलेल्या स्थितींतच केली पाहिजे. ठिणगी असेल, तर उन्हाच्या तापानें पंपांत पेट्रोलची वाफ झाली असण्याचा संभव असतो. पंपावर ओलें फडकें ठेवून वीस मिनिटें थांबलें म्हणजे ती विरते. आमच्या मोटारीचा कंडेन्सर दोषी होता. तीन महिने आम्ही पंपाला शिव्या दिल्या, नवा पंपहि घातला, आणि खरा गुन्हेगार शे-दीडशें रुपयांचा निघाला.

आतां पेट्रोलाविषयीं, कारण हा विषय आपल्यासारख्या ऊसवाल्यांच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. पेट्रोलांत शेंकडा वीस इथेनॉल मिसळण्याचें धोरण सरकारनें आधीं २०३० सालासाठीं आंखलें होतें. तें पुढें अलीकडे ओढलें गेलें आणि २०२५ सालीं तें प्रमाण गांठलेंहि. हें इथेनॉल उसाचा रस, मळी व मका-तांदुळासारखीं धान्यें यांपासून होतें. म्हणजे आपलाच ऊस कारखान्यांतून फिरून आपल्याच टांकींत येतो. उसाच्या पैशाच्या दृष्टीनें हें बरें आहे, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु १९९४ ची मोटार या इंधनासाठीं घडविलेली नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

इथेनॉलांत उष्णता पेट्रोलाच्या दोन-तृतीयांश असते; त्यामुळें विसांच्या मिश्रणांत लिटरामागें शेंकडा सहा-सात शक्ति कमी भरते. तेवढें सोसतां येतें. जुन्या जातीच्या रबराच्या नळ्या, पंपाचा पडदा व कार्बोरेटरची वायसरें यांस तें फुगवितें व भेगाळवितें, हें अधिक वाईट. फुटक्या नळींतून तापल्या एंजिनावर पेट्रोल गळणें म्हणजे आगीस आमंत्रण. म्हणून इथेनॉलास टिकणाऱ्या रबराची नळी मागून घेऊन टांकीपासून कार्बोरेटरपर्यंत सर्व नळ्या एकदम बदलाव्या. पंपाचा व कार्बोरेटरचा संचहि त्याच वेळीं घालावा. इथेनॉल टांकीच्या तळाचा जुना गंज व चिकटा सोडवून पुढें ढकलतें, त्यामुळें पहिले कांहीं महिने गाळणी वरचेवर तुंबते. चढावर दम सोडणारी आणि सपाटीवर ठीक चालणारी मोटार पाहिली म्हणजे प्रथम गाळणी बदलून पाहावी. ती फार स्वस्त असते. शिवाय इथेनॉल हवेंतला ओलावा शोषतें, आणि पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून टांकीच्या तळाशीं वेगळें बसतें. म्हणून पावसाळ्यांत टांकी अर्धी ठेवून मोटार पंधरा-पंधरा दिवस उभी करूं नये. टांकी भरलेली असली म्हणजे ओल्या हवेस जागा कमी राहते.

आमच्या सर्व उपायांत जो खरा उपयोगी पडला तो यंत्राचा नव्हेच, वेळेचा आहे. पूर्वीं आम्ही पहांटे पांचला किल्ली फिरवीत असूं. न चालली तर धांवाधांव, शेजाऱ्यांस उठविणें, कुटुंबाच्या डोळ्यांत पाणी. आतां आम्ही सोमवारीं व गुरुवारीं रात्रीं आठ वाजतां मोटार चालू करून गांवाबाहेर तीन किलोमीटर जाऊन येतों. पाणी, तेल, ब्रेकचें तेल, चाकांतली हवा पाहतों. बॅटरीवर व्होल्टमीटर लावतों: एंजिन बंद असतां साडेबारा असावे, बारापूर्णांक दोन म्हणजे अर्धी रिकामी, एंजिन चालू असतां पावणेचौदा ते सव्वाचौदाच्या सुमारास असावे, नाहींतर अल्टरनेटर भरीत नाहीं असें समजावें. दोष निघाला तर अख्खी रात्र हातीं असते. पुसेगांवच्या एका गाडीवाल्याशीं आमचा ठराव आहे कीं रात्रीं नऊच्या आंत निरोप दिला तर तो पहांटे पांचला दारांत येईल. गेल्या वर्षीं त्याला आम्ही पांच वेळां बोलाविलें. वाटेंत बंद पडण्याचा प्रसंग त्या वर्षांत दोनदांच आला, आणि दोन्ही परतींच्या वाटेवर. यंत्रावरची पाळी एकहि चुकली नाहीं.

काटकसर कोठें करूं नये हेंहि सांगितलें पाहिजे. एंजिन बंद पडलें तर माणूस खोळंबतो; ब्रेक गेला तर मरतो. ब्रेकचें तेल ओलावा शोषतें, आणि घाट उतरतांना तापून त्या ओलाव्याची वाफ झाली म्हणजे पाय खालीं जातो व मोटार थांबत नाहीं. दर दोन वर्षांनीं तें संपूर्ण काढून नवें भरावें, आणि घाट खालच्या गिअरमध्यें उतरावा. टायरच्या कडेवर वर्तुळांत चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. '१२१९' म्हणजे २०१९ च्या बाराव्या आठवड्याचा. नक्षी शिल्लक आहे म्हणून जुनाट, भेगाळलेला टायर वापरणारे आमच्या गांवांत पुष्कळ आहेत. विकणारे दुकानदारहि हे आंकडे दाखवीत नाहींत; आपण पाहावे.

कायद्याविषयीं दोन शब्द, कारण पंधरा वर्षें झालीं कीं मोटार जप्त होते अशी आवई खेड्यांत आहे. वयाची ती बंदी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४-१५ सालच्या आदेशांतून दिल्ली व तिच्या भोंवतालच्या प्रदेशाकरितां निघाली. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पांच-पांच वर्षांचें नूतनीकरण मिळतें, व पर्यावरण कर भरावा लागतो. आमच्या मोटारीचें नूतनीकरण २०२४ सालीं झालें तेव्हां फी पांच हजार होती. २०२५ च्या ऑगस्टांत केंद्र सरकारनें वीस वर्षांवरील मोटारीची फी दहा हजार केली, तेव्हां २०२९ सालीं ती भरावी लागेल. धुराचा दाखला एवढ्या जुन्या मोटारीस दर सहा महिन्यांनीं घ्यावा लागतो. तो आम्ही वेळेवर घेतों. कागद अपुरा असणें हा आम्हांस, सवयीनें, चोरीच्या खालोखालचा गुन्हा वाटतो.

या मोटारीचा शेवट एंजिनामुळें होईल असें आम्हांस वाटत नाहीं. एंजिन उकलून बांधतां येतें. गंज मात्र माघारीं फिरत नाहीं. गेल्या दिवाळीस मिस्त्रींनीं मोटार वर उचलून आम्हांस तळ दाखविला. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यांत स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. तेथें त्यांनीं पत्रा जोडून दिला आहे, परंतु पुढच्या चाकाचा दांडा जेथें अंगास बोल्टानें बसतो तेथील लोखंड अजून घट्ट आहे, तें गेलें तर जोडूं नका, असें त्यांनीं स्पष्ट बजाविलें. तेव्हांपासून दर पावसाळ्यानंतर त्या जागीं हातोडीनें ठोकून पाहण्याचें ठरलें आहे. आवाज खणखणीत आला तर पुढचें वर्ष. बद्द आला तर मोटार मान्यताप्राप्त भंगार-केंद्रास द्यावी. तेथील दाखल्यावर नवी खाजगी मोटार घेतांना वाहनकरांत शेंकडा पंचविसांपर्यंत सूट मिळूं शकते. त्यासाठीं आम्ही महिन्यास दोन हजार वेगळ्या खात्यांत टाकूं लागलों आहों. आजपर्यंत अठ्ठावीस हजार झाले.